सोमवारी सिस्टर येतील

गुरुवार, रात्री

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

आई, हे पत्र बाबांच्या पलंगाशी बसून मोठ्याने वाच. स्वयंपाकघरात एकटीनेच वाचायचं आणि मग त्यांना निवडक तेवढं सांगायचं, असं करू नकोस. बाबांना बोलता येत नसलं तरी सगळं कळतं.

सोमवारपासून आपल्याकडे नर्स राहायला येणार आहेत. एक महिन्याचे पैसे मी भरून टाकलेत. आधी तुम्हाला विचारायला हवं होतं, कळतं मला. पण तू म्हणाली असतीस, 'बघू गं, पावसाळा होऊन जाऊ दे,' आणि भीती मला पावसाळ्याचीच वाटते. वीज दोन-दोन दिवस जाते, गुहागरातून चिपळूण गाठेपर्यंत जीव टांगणीला लागतो, आणि घरात तुम्ही दोघंच. अप्पांच्या वेळची ती रात्र तुम्ही विसरला नसाल. मीही नाही.

खरं कारण सांगू? वैशाखात आले होते तेव्हा फडताळात तुझ्या बीपीच्या गोळ्या पाहिल्या. महिनाभराच्या तीन पट्ट्या, आणि त्यातली जेमतेम एक फोडलेली. बाबांच्या गोळीला तुझ्याकडून पाच मिनिटं उशीर होत नाही. तेव्हा तोंडातून शब्द निघाला नाही, एसटीत मात्र चिपळूण येईपर्यंत रडले.

आई, तू कुठे कमी पडलीस असं मनातसुद्धा आणू नकोस. दोन वर्षं बाबांना एक जखम झाली नाही, याचं डॉक्टरांनाही नवल वाटलं होतं. पण आता माकडहाडावर तो लाल डाग आलाय ना, तो बोटाने दाबून सोडल्यावर पांढरा पडायला हवा. मी दाबून पाहिला, तो लालच राहिला. कातडी फाटलेली नसली तरी शय्याव्रणाची, म्हणजे पडून पडून होणाऱ्या जखमेची, ती पहिली पायरी असते. आता दर दोन तासांनी कूस बदलायची, म्हणजे दिवसरात्र मिळून बारा वेळा. एकाहत्तराव्या वर्षी, तुझ्याहून जड माणसाची. तुझ्या कमरेत उसण भरली ती आगरात वाकताना नाही, हे मला माहीत आहे.

सिस्टरांशी मी फोनवर तासभर बोलले. तीन वर्षांचा जीएनएम हा नर्सिंगचा कोर्स झालाय, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी मी स्वतः पाहिली. मी काही विचारायच्या आधी त्यांनीच विचारलं, 'बाबा गिळताना खोकतात का? जेवल्यावर आवाज ओला येतो का?' मला उत्तर देता आलं नाही. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर पातळ पदार्थ घशात लवकर चुकतो म्हणे. आपण पेज हलकी म्हणून देत होतो, आणि त्यांना तीच जड जात असेल. सिस्टर आधी पाहतील, मग ठरवतील. बहुधा तुझा मऊ आटवल भातच चालेल, मेतकूट-तूप घालून. तो तुझ्याच हातचा असू दे. भरवताना बाबांना ताठ बसवायचं, हनुवटी किंचित खाली, आणि नंतर अर्धा तास आडवं करायचं नाही.

लघवीची पिशवी पलंगाच्या दांडीला टांगायची, कमरेच्या खाली राहील अशी, पण जमिनीला टेकू द्यायची नाही. मी असताना तू ती उशीशी ठेवली होतीस. चूक तुझी नाही, आपल्याला कोणी सांगितलंच नव्हतं. दवाखान्यातून सोडताना हातात कागद दिला आणि गाडी बोलवा म्हणाले.

बाबा, आता तुमच्याशी. बाईमाणसाकडून अंग पुसून घ्यायचं तुम्हाला अवघड वाटेल. मी आधी ब्रदर मिळतात का पाहिलं, आपल्या बाजूला मुक्कामाला राहणारे मिळाले नाहीत. सिस्टर चादरीखालूनच करतात सगळं, जेवढं पुसायचं तेवढंच उघडतात. तुम्ही शाळेत इतिहास शिकवलात म्हणून सांगते. 1859 साली लिव्हरपूलच्या विल्यम रॅथबोन नावाच्या व्यापाऱ्याने आजारी बायकोसाठी मेरी रॉबिन्सन ही नर्स घरी ठेवली. तिच्या असण्याने घरात केवढा फरक पडला ते त्याने पाहिलं, आणि पुढे तिलाच शहरातल्या गरिबांच्या घरोघरी पाठवलं. घरी जाऊन शुश्रूषा करायची तिथली पद्धत त्यातून वाढली.

आणि लिव्हरपूलला तरी कशाला जायचं? मला टायफॉइड झाला तेव्हा दवाखान्यातल्या नर्सबाई संध्याकाळी सायकलवरून इंजेक्शन द्यायला यायच्या. आई, तू त्यांच्यासाठी ओटीवर कोकम सरबत झाकून ठेवायचीस. बाबा रात्रभर माझ्या कपाळावर घड्या बदलत पावकी-निमकी म्हणायचे. मला वाटायचं, ते म्हणायचे थांबले तर ताप चढेल. बाबा, अजूनही झोप नाही लागली की मी पावकीच म्हणते.

आता आई, ऐक आणि मोडू नकोस. सिस्टर मधल्या खोलीत राहतील, तिचं कुलूप काढ. आत्याचं सामान माळ्यावर ठेवलंस तरी तिला वाईट वाटणार नाही, मी बोललेय. सिस्टर रात्रीही उठणार आहेत, म्हणून दुपारी दोन ते पाच झोपतील. तेव्हा हाक मारायची नाही, शेजारच्या वहिनी येऊन बसतील. रविवार त्यांच्या सुट्टीचा, त्या दिवशी आम्ही दोघं आळीपाळीने येऊ. त्यांना भांडी, केर, नारळ सोलणं सांगायचं नाही. जेवायला तुझ्याबरोबर बसवायचं, आणि त्यांचा कप वेगळा ठेवायचा नाही. हे मी लिहितेय याचा राग येईल तुला. तू मनाने तशी नाहीस, पण घरातली जुनी सवय हातून होऊन जाते.

पैशांचं बोलू नका. आगराचं तर मुळीच नाही.

तू काय करायचंस? बाबांपाशी बस. नळी, पट्टी, सुई यांच्याशिवाय त्यांचा हात किती दिवसांत धरला नाहीस, सांग बरं? डावा हात चांगला आहे त्यांचा. संध्याकाळी सिस्टरांच्या मदतीने चाकाच्या खुर्चीतून त्यांना ओटीवर आण. समुद्राचा आवाज तिथे स्पष्ट येतो.

आणि स्वतःची गोळी घे. सिस्टरांना सांगितलंय, तुझंही बीपी रोज लिहून मला पाठवायला.

तुमची,
मनू

ता. क. वीज गेली की हवेची गादी बसते, म्हणून इन्व्हर्टरच्या बॅटरीत शनिवारी पाणी घालून घे. फ्रिज बंद पडला तर इन्सुलिन छोट्या डब्यात घालून माठात ठेव, बाटली भिजू देऊ नकोस. बर्फात तर अजिबात नको.