आधी संमती, मग अक्षता

सोलापूर

चि. माई हिस अनेक आशीर्वाद.

तू आणि तो पुन्हा बोलू लागलात, हे आईकडून कळलं. मला मनापासून आनंद झाला. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुझ्या मनात किंतु राहणार नाही.

संगमेश्वर कॉलेजात असताना तुमचं जुळलं, हे घरात सगळ्यांना दिसत होतं. संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा भरते, तिथं मैत्रिणींबरोबर जाते म्हणायचीस आणि येताना तिथल्या नावाजलेल्या 'भाग्यश्री' बटाटेवड्याऐवजी त्याच्या आवडीची जिलेबी बांधून आणायचीस. ते मोडलं तेव्हा कुणी कुणाला फसवलं नव्हतं. तुला पुण्यात नोकरी लागली आणि त्याच्या वडिलांना अर्धांगाचा झटका आला. मोठा मुलगा म्हणून त्याला कारखान्यावर बसावं लागलं. तुला इथं राहणं शक्य नव्हतं, त्याला सोलापूर सोडणं शक्य नव्हतं. म्हणजे मोडलं ते गावावरून, आणि गाव अजून जागच्या जागी आहे. पुणं अडीचशे किलोमीटरवर होतं, आजही तेवढंच आहे.

मध्यंतरी आहेराचे टॉवेल घ्यायला मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत त्याच्या कारखान्यावर गेलो होतो. बरेच चादरीचे माग काढून त्यानं टॉवेलचे घातलेत. आपल्या सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, नाव आहे, पण गिऱ्हाईक आता वजनाला हलकं आणि स्वस्त मागतं, असं तो सांगत होता. मागांच्या खडखडाटात माझ्या कानाशी येऊन बोलत होता. बोलता बोलता शेजारच्या मागावर धागा तुटला. त्यानं माग थांबवला, दोन टोकं बोटांनी शोधली, गाठ मारली, माग पुन्हा चालू केला आणि वाक्य जिथं सोडलं होतं तिथूनच पुढं बोलू लागला. माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरशी तेलुगूत, टेम्पोवाल्याशी कानडीत, माझ्याशी मराठीत. माझ्या शुगरची चौकशी केली. तुझ्याबद्दल एक शब्द विचारला नाही. मला ते आवडलं. बापाच्या आडून मुलीपर्यंत पोचायचं त्याच्या मनात नव्हतं.

हे तुला एवढ्यासाठी सांगतो, की तुझ्या डोक्यात जो आहे तो कॉलेजातला मुलगा आहे. वह्या मागणारा, तुझ्यासाठी सात रस्ता चौकात उभा राहणारा. मी भेटलो तो माणूस वेगळा. त्याला पगाराच्या दिवशी झोप लागत नसेल. सुताचा भाव वाढला की त्याचा चेहरा उतरत असेल. तूही ती राहिली नाहीस. तू एकटीनं घर चालवलंस, तुझ्या हाताखाली माणसं आहेत, मनाविरुद्ध झालं तर आता तू गप्प बसत नाहीस. त्याच्या आठवणीतली मुलगी गप्प बसायची. तुम्ही दोघांनी एकमेकांना नव्यानं बघायला हवं, अगदी परक्या स्थळाला बघावं तितकं नीट.

आणि पहिल्याच भेटीत राहायचं कुठं ते विचार. लाजू नकोस. आठवड्यातले काही दिवस घरून काम चालेल का, हे ऑफिसात स्पष्ट विचारून घे. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येतं, पाणी आलं की घरातल्या सगळ्यांची धावपळ असते. मे महिन्यात पारा त्रेचाळीसच्या वर जातो. त्यांच्या घरात तेलुगू बोलतात आणि अंथरुणावरच्या सासऱ्यांचं सगळं करावं लागतं. यातलं काय तुला जमेल, काय नाही, आणि त्याच्या बाजूनं तो काय सोडायला तयार आहे, हे ठरल्याशिवाय कुणाला शब्द देऊ नका. मागच्या वेळी हे बोलणं झालंच नव्हतं. दोघंही एकमेकांसाठी थांबून राहिलात, आणि थांबता थांबता वेगळे झालात.

जातीचा विषय माझ्यावर सोड. आत्या बोलेल, थोरले काका बोलतील. शहराच्या पूर्व भागातल्या विणकर पद्मशाली घरात आपली मुलगी, असं म्हणतील. त्यांना उत्तर द्यायला मी आहे, तू त्यात पडायचं नाही. नारळी पौर्णिमेला त्याच पद्मशाली समाजाच्या मार्कंडेयाचा रथ निघतो तेव्हा हेच काका दर्शनाला गर्दीत उभे असतात.

आपल्या सिद्धरामेश्वरांच्या अक्षता सोहळ्याला लहानपणी मी तुला खांद्यावर बसवून नेत असे. कुंभारकन्येचा विवाह त्यांच्या योगदंडाशी लागतो. तिथंसुद्धा आधी संमती कट्ट्यावर संमतीचं वाचन होतं, मगच लाखो लोक अक्षता टाकतात. नंदीध्वजांच्या उंच काठ्या, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, हलगी, सगळं तोपर्यंत थांबलेलं असतं. मला तुझ्याकडून तेवढंच हवंय. तुमची संमती एकमेकांना पूर्ण कळू दे. मंडपाचं आम्ही बघू.

आई म्हणते, त्याला एकदम घरी बोलवू नका, गल्लीत चर्चा होते. माझं मत वेगळं आहे, पण यात तिचं ऐक. आधी त्याला पुण्याला बोलाव. तू कुठं राहतेस, कशी जगतेस, ते त्यानं बघू दे. मग संक्रांतीला तू ये. सकाळी पोचायचं असेल तर रात्रीची गाडी बघ, आणि तिकीट आत्ताच काढ, यात्रेच्या दिवसांत जागा मिळत नाही. आईनं शेंगाचटणी कुटून ठेवली आहे, तुझ्यासाठी एक डबा आणि त्याच्या घरी द्यायला एक.

तुझे,
बाबा