खालच्या मजल्यावरच्या काकांना, नेटवर्कचा फॉल्ट शोधून दिल्याबद्दल थँक्यू

काका, नमस्कार.

समोर थँक्यू म्हटलं की तुम्ही "हॅट, त्यात काय एवढं" म्हणून मॅचचा विषय काढता, त्यामुळे इथेच लिहितोय. चार लोक वाचतील, एखाद्याच्या कामालाही येईल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, माझ्या जुन्या लॅपटॉपवर मी हायकू नावाची ऑपरेटिंग सिस्टीम टाकलीये. हे लिनक्स नाही आणि विंडोजही नाही. नव्वदच्या दशकात बीओएस नावाची सिस्टीम होती, २००१ मध्ये ती बनवणारी कंपनी पाम नावाच्या कंपनीच्या घशात गेली आणि त्याच वर्षी काही हौशी मंडळींनी तसलीच सिस्टीम पहिल्यापासून लिहायला घेतली, तेच हे. पहिला बीटा यायला २०१८ उजाडलं, पाचवा सप्टेंबर २०२४ मध्ये आला. घाई नाही कोणाला. माझं वायफाय कार्ड त्याने ओळखलं नाही, ठीक आहे, लॅमिंग्टन रोडवरून लांब लॅन केबल आणली, लावली, तरी ब्राउझर ढिम्म. घरातले मोबाइल चालू, टीव्ही चालू, फक्त हाच रुसलेला. मी सगळं उडवून परत टाकायच्या बेतात होतो तेवढ्यात तुम्ही सोसायटीच्या पावत्या द्यायला वर आलात.

तुम्ही हायकू जन्मात पाहिलं नव्हतं, पण टेलिफोनच्या फॉल्टमध्ये आयुष्य गेलेलं. आधी मला ब्राउझर बंद करायला लावलात. "हा नुसता नाही म्हणतो, कुठे अडलंय ते सांगत नाही. टर्मिनल उघड." मग म्हणालात, लाइन मेली म्हणून कोणी अख्खी लाइन बदलत नाही, आधी डीपीवर (घराजवळचा जोडणीचा डबा) टेस्ट, मग पिलरवर (रस्त्याकडेची पेटी), मग एक्सचेंजला, जिथे टोन मिळायला लागतो त्याच्या पलीकडे फॉल्ट नाही. काका, हे वाक्य मला कुठल्याच ट्युटोरियलमध्ये मिळालं नव्हतं.

टर्मिनलमध्ये आयएफकॉन्फिग मारलं, म्हणजे नेटवर्क कार्डाची माहिती दाखवणारी कमांड. हायकूत कार्डाचं नाव म्हणजे अख्खा पत्ताच असतो, /डेव्ह/नेट/आयप्रो१०००/० असा, तो बघून तुम्ही हसलात. पण नजर गेली ती आयपीवर, म्हणजे नेटवर्कवरच्या पत्त्यावर, १६९.२५४ ने सुरू होणारा. "हा ह्याला कोणी दिलेला नाही, डीएचसीपीकडून (राउटरमधलं आयपी वाटणारं खातं) काहीच मिळालं नाही म्हणून ह्याने स्वतःच लावून घेतलाय." फ्लॅग्जमध्ये लिंक दिसत होतं, म्हणजे केबल, कार्ड, ड्रायव्हर तिन्ही संशयातून सुटले. मोबाइलवरून राउटरचं पान उघडलं तर आयपी वाटायची रेंज फक्त दहाची, ज्याने बसवला त्याने तशीच ठेवलेली, आणि आमच्या घरात मोबाइल, टीव्ही, ताईचा लॅपटॉप, वर पाहुणे. हायकूची काही चूकच नव्हती हो!

राउटरला लगेच हात लावू नको म्हणालात, आधी हे हाताने चालवून बघ. त्या रेंजच्या बाहेरचा १९२.१६८.१.५० आयएफकॉन्फिगनेच दिला, राउटरला पिंग केलं, म्हणजे 'आहेस का' असं विचारणारं पाकीट पाठवलं, उत्तर आलं. ८.८.८.८ ला, म्हणजे बाहेरच्या गूगलच्या सर्व्हरला पिंग, तिथे रस्ताच नाही. मग रूट कमांडने डिफॉल्ट गेटवे (बाहेर जायचा दरवाजा) म्हणून राउटरचा पत्ता टाकला आणि पिंगच्या ओळी धडाधड यायला लागल्या. नावाने पिंग केलं तर परत गप्प, कारण डीएनएस (नावावरून आयपी शोधून देणारा सर्व्हर) कोणी सांगितलाच नव्हता, तो रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ फाइलमध्ये नेमसर्व्हरची एक ओळ घालून मिटला. डीएचसीपी एका फटक्यात किती कामं करतं ते मला त्या दिवशी कळलं, एरवी कोण बघतंय. (पिंग थांबवायला कंट्रोल-सी, आणि हायकूत कॉपी ऑल्ट-सी ने होते त्यामुळे टर्मिनलमध्ये दोघांची मारामारी नाही, ही गोष्ट मला भयंकर आवडते.)

शेवटी ट्रेसरूट दाखवलंत. पहिलं पाकीट एकच टप्पा जगेल असं सोडायचं, ते पहिल्या राउटरवर मरतं आणि तो राउटर तसं कळवतो, मग दोन टप्प्यांचं, मग तीन, असा अख्खा रस्ता कळतो. मध्येच उत्तराच्या जागी चांदण्या (*) आल्या की मी घाबरलो, तुम्ही म्हणालात काही राउटर उत्तर देत नाहीत, पुढच्या ओळी येतायत ना, मग चालू आहे. पिंग माइक म्यूस नावाच्या माणसाने १९८३ मध्ये लिहिलं हे मी नंतर वाचलं. इतकं जुनं हत्यार एका हौशी सिस्टीमवर जसंच्या तसं चालतं आणि टेलिफोनवाल्या माणसाला बघताक्षणी कळतं, मला तरी ह्याचं फार कौतुक वाटलं.

आता राउटरची रेंज वाढवलीये, हायकू परत ऑटोवर टाकलंय. परवा नेट गेलं तेव्हा केबलवाल्याला फोनवर सांगितलं की राउटरपर्यंत पिंग आहे, तुमच्या पहिल्या टप्प्यापासून नाही. तो रीस्टार्ट करा म्हणालाच नाही, सरळ माणूस पाठवला.

तुमचं क्रिंपिंग टूल (केबलला कनेक्टर बसवायचं) अजून माझ्याकडेच आहे, शनिवारी आणून देतो. आणि एसएसएच (दुसऱ्या मशीनचं टर्मिनल लांबून चालवायचं) राहिलंय आपलं, त्याला वेळ काढा.

तुमचा,
वरच्या मजल्यावरचा