या महिन्यात फक्त तंबोरा

सांगली,
आषाढ

प्रिय मंदार,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. इथे पावसानं जोर धरलाय आणि आयर्विन पुलाजवळ पाणी किती फूट झालं, याशिवाय दुसरं बोलणं नाही. घरी सगळे ठीक आहेत.

ऑफिसला जाता-येता रोज काही ना काही ऐकतोस, झोपताना चार पानं वाचतोस, पण महिनाअखेर विचारलं तर काही सांगता येत नाही, असं तू लिहिलंस. ते वाचून वाईट वाटलं. मला वाटतं, तुझं वाचन कमी नाही. पण आज अर्थशास्त्र, उद्या मेंदू, परवा रोमन साम्राज्य, असं केल्यावर एक गोष्ट दुसरीला भेटतच नाही. म्हणून या महिन्याला यादी पाठवत नाही. एकच विषय पाठवतो, तंबोरा. महिनाभर त्यालाच धरून राहा.

सुरुवात ऐकण्यापासून कर. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटी रागातली ठुमरी, 'पिया बिन नाही आवत चैन'. जुन्या तबकडीवरची, म्हणजे जेमतेम तीन मिनिटांची. एकदा शब्दांसाठी ऐक, मग शब्द सोडून दे आणि खाँसाहेब स्वरावर येऊन थांबतात कसे, एवढंच ऐक. माणूस उत्तरेतल्या कैराना गावचा, पण घर केलं आपल्या मिरजेत. 1937 साली गेले तेव्हा मद्रासहून पाँडिचेरीकडे प्रवासात होते, तरी दफन मिरजेलाच, मीरासाहेबांच्या दर्ग्यात. उरुसाला अजून मोठमोठे गवई तिथे येऊन हजेरी लावतात.

आता खरी गंमत. हेडफोन लावून नुसता तंबोरा ऐक, दहा मिनिटं, गाणं नको. पंचम, मग सा मध्ये लावलेल्या जोडीच्या दोन तारा, मग खर्ज, म्हणजे खालचा सा. खर्जाची तार छेडली की तिच्या पोटातून हळूच गंधार, म्हणजे ग, उमटतो. चारांतली एकही तार गंधारात लावलेली नसते, तरी तो येतो. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. पहिल्या दिवशी कदाचित कळणार नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी एकदम ऐकू येईल आणि मग तो कानाआड करणं तुला जमणार नाही. मला हे पहिल्यांदा ऐकू आलं तेव्हा मी घरातल्या सगळ्यांना बोलावून ऐकवलं होतं.

हे होतं कसं, ते वाचायला सी. व्ही. रामन यांचा 1921 चा भारतीय तंतुवाद्यांवरचा निबंध घे. इंग्रजीत आहे, पाचेक पानांचा, तुझ्यासारख्या इंजिनिअरला एका बैठकीत संपेल. तार जिथे छेडावी, तिथे ज्या उपस्वरांचा स्थिर बिंदू पडतो ते उपस्वर उमटू नयेत, असा जुना नियम. उपस्वर म्हणजे मूळ स्वरासोबत तारेतून उमटणारे वरचे सूर, आपला गंधार त्यांतलाच. तंबोरा तो नियम पाळत नाही, हे रामन यांनी दाखवलं. कारण घोडीत, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीत आहे. घोडीचा माथा धारदार नसतो, रुंद आणि किंचित बाकदार असतो. त्यावर तारेखाली सुताचा धागा सरकवतात, आणि थरथरणारी तार त्या माथ्याला पुन्हा पुन्हा चाटून जाते. सगळी जवारी, म्हणजे तंबोऱ्याचा तो गुंजणारा झणकार, त्यातच. आणखी एक सांगतो, ते तुझ्यासाठी जास्त महत्त्वाचं. वाद्यांच्या ध्वनीचा हा नाद रामन यांना लागला तेव्हा ते सरकारच्या अर्थखात्यात हिशेबाची नोकरी करत होते. कलकत्त्यात ऑफिसच्या आधी आणि नंतर प्रयोगशाळेत जायचे. अशी दहा वर्षं काढली.

याच ओळीतले दुसरे गृहस्थ कृष्णाजी बल्लाळ देवल, डेप्युटी कलेक्टर. निवृत्तीनंतर बावीस श्रुतींच्या, म्हणजे सप्तकातल्या बारीक स्वरांतरांच्या मागे लागले, खाँसाहेबांच्या गळ्यावरून त्यांचं माप काढलं आणि 1910 साली इंग्रजीत छोटं पुस्तक छापलं. पुढे क्लेमेंट्स नावाचे आय.सी.एस. न्यायाधीश त्यांना येऊन मिळाले. संगीतशास्त्रकार भातखंड्यांना हे गणित पटलं नाही, आणि भातखंडे तरी कोण, वकिलीचं शिक्षण घेतलेले! महसूल, न्यायालय, वकिली यांतली ही माणसं आयुष्याची कितीतरी वर्षं दोन स्वरांमधल्या अंतरावर भांडत होती. मला तो वाद फार मोलाचा वाटतो. कोण बरोबर होतं हे तू आत्ता ठरवू नकोस. आधी कान तयार होऊ दे. शब्द अडले तर मराठी विश्वकोश उघड. वाईला तयार झालेला हा कोश आता नेटवर फुकट वाचता येतो, आणि संगीतावरच्या त्याच्या नोंदी नेमक्या आहेत.

पुस्तकांचे दहा मिनिटांत सारांश सांगणारं ते अॅप मात्र महिनाभर बंद ठेव. त्यात निष्कर्ष मिळतो, पण माणूस तिथवर कसा पोचला ते गळून जातं, आणि लक्षात राहतं ते तेच. घाईचं म्हणशील तर गीतरामायण आठव. 1955 साली पुणे आकाशवाणीवरून आठवड्याला एकच नवं गाणं यायचं. छप्पन्न गाण्यांना वर्षाहून जास्त लागलं, आणि लोक थांबले.

रविवारी अगदीच चैन पडेना तर दुर्गाबाई भागवतांच्या 'ऋतुचक्रा'तला आषाढ वाच. बस, आणखी काही नको.

श्रावणात येशील तेव्हा मिरजेला जाऊ. सतारमेकर गल्लीत पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले भोपळे टांगलेले असतात. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांनी दीडेकशे वर्षांपूर्वी ही वाद्यं घडवायला घेतली आणि 2024 साली मिरजेच्या सतारीला नि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. कुणा कारागिराला विनंती करू, सूत काढून तार छेडा, मग सूत घालून छेडा. तोवर गंधार ऐकू आला की रात्री कितीही वाजले असोत, मला फोन कर.

काकूंना नमस्कार, वहिनींना आणि मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अविनाश