कृषी सहायक ताई, त्या दोन थेंबांसाठी थँक्यू

ताई नमस्कार, तुम्ही विसरल्या असाल पण माघात आमच्या विहिरीपाशी तुम्ही धोप्याच्या, म्हणजे अळूच्या, पानावर जे दाखवलं ना, त्याच्यासाठी हे लिहून राहिलो.

तेव्हा कांद्यावर फुलकिडे एवढे होते का पाती पांढऱ्या पडून वाकड्या व्हायला लागल्या होत्या अन मी तीन फवारण्या मारून दुकानदाराला शिव्या देत बसलो होतो, औषधच डुप्लिकेट म्हणून. तुम्ही काही न बोलता पान तोडलं अन साध्या पाण्याचा थेंब टाकला. ज्वारीच्या दाण्यासारखा गोल! पान जरासं कलवलं तर टुणकन खाली, पान कोरडंच. मग सिलिकॉनवालं स्टीकर, म्हणजे फवारा पानावर पसरवणारं औषध, घातलेल्या पाण्याचा थेंब, तो पडल्या पडल्या तेल सांडल्यावानी पसरला. "आता सांगा भाऊ, तुमचं औषध कुठी गेलं?" वाफ्यात गेलं ना बाप्पा, अजून कुठी! कांद्याची पात तशीच मेणचट, त्यात उभी.

शाळेत पृष्ठताण पाठ करून मार्क घेतले होते, समजलं मात्र तुमच्याकडून. आतल्या कणाला चारही बाजूनं ओढ, वरच्याला वरून ओढणारं कोणीच नाही, म्हणून तो आत खेचला जातो अन थेंब अंग चोरून गोल होतो. पाण्याचा हा ताण मीटरला 72 मिलीन्यूटनच्या आसपास, अन तसलं स्टीकर पडलं का 20-22 वर येतो, हे तुम्ही सांगितलेलं मी पंपावरच पेनानं लिहून ठेवलं.

एक कबूल करतो, आधी मी पंपात धुण्याची पावडर टाकत होतो. तुम्ही लय रागावल्या, त्यात सोडा असतो, काही औषधांची ताकद जाते अन पातही करपते. स्टीकरही लेबलवर लिहिलं तेवढंच, जास्त झालं तर ओघळून जातं. हातमोजे नाही घातले म्हणून वेगळं बोलणं खाल्लं, जे पानावर पसरतं ते कातडीवरही पसरतं. 2017 मध्ये यवतमाळकडे फवारणीनं माणसं गेली, तरी आपण उघड्या हातानंच, काय म्हणावं.

जुन्या पाती काही सुधरल्या नाही पण नवीन हिरव्यागार निघाल्या. घरी पोरगी आता ताटलीतल्या पाण्यावर हळद भुरभुरून साबणाचं बोट लावते, हळद काठाला पळते, आई ओरडते.

कांदा निघाला ताई. एक कट्टा तुमच्या नावानं बाजूला ठेवला आहे, लाच नका समजू.