हिशेबाची वही पाठवते आहे

नागपूर,
१८ मे

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

मंगळवारी फोन मधेच ठेवला गेला, तेव्हापासून तीनदा मोबाइल हातात घेतला आणि परत ठेवला. आपलं फोनवर असंच होतं. बाबा दोन वाक्यांत निकाल देतात, आई "जेवलीस का" विचारते आणि मुद्दा जागच्या जागी राहतो. म्हणून लिहायला बसले. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय, भिंग लागू नये म्हणून.

बाबा, आमच्या सॉफ्टवेअरच्या कामासाठी लोकांकडे पैसे मागणारं ते आवाहन तुम्हाला कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दिसलं, माझ्याकडून कळायच्या आधी. ही चूक माझीच. उमरेड काही लांब नाही, एखाद्या रविवारी येऊन सांगता आलं असतं. पण "चांगली नोकरी असलेली पोरगी लोकांपुढे हात पसरते" हे जे म्हणालात, ते मला मान्य नाही.

आधी काम काय आहे ते. आमच्या ऑफिसच्या खालच्या मजल्यावर प्रमोद टेलिफोनवर असतो, त्याला जन्मापासून दिसत नाही. तो कॉम्प्युटर कानाने चालवतो. एनव्हीडीए नावाचं एक सॉफ्टवेअर पडद्यावरचं त्याला वाचून दाखवतं, तेही इतक्या वेगात की आपल्याला नुसती भुणभुण ऐकू येते. ते २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने लिहायला घेतलं, कारण तेव्हा असं सॉफ्टवेअर विकत घ्यायचं तर हजार डॉलरच्या आसपास मोजावे लागत. एनव्हीडीए फुकट आहे आणि उघडंही आहे, म्हणजे त्याच्या आतली सगळी लिखापढी कुणीही वाचावी, दुरुस्त करावी. त्याच्यासोबत जो आवाज येतो त्याला मराठी येतं, पण डब्यात तोंड घालून बोलल्यासारखं. आम्ही पाच जण त्याला जोडता येईल असा एक नीट मराठी आवाज तयार करतो आहोत. दोन वर्षं झाली.

यात अडतं कुठे, ते आईला लगेच कळेल. आपण 'पाच' म्हणतो आणि 'पाचक' म्हणतो. दोन्हींत च एकच लिहितो, उच्चार वेगळा. यंत्राला कोण सांगणार? 'जरा' तर कहरच. 'जरा थांब'मधला ज वेगळा आणि म्हातारपण या अर्थाच्या 'जरा'मधला वेगळा. आमची पहिली आवृत्ती ऐकून प्रमोद म्हणाला, "हे बाई 'जरा थांबा' म्हणते तं म्हातारपणाला थांबवून राह्यली असं वाटते." असे शब्द हजारोंनी आहेत. एकेक ऐकायचा, यादीत घालायचा, नियम सापडतो का बघायचं, आणि तो नियम दुसरीकडे काही बिघडवत नाही ना तेही तपासायचं.

आणि ध्वनिमुद्रण! आवाज सुनंदाताईंचा आहे, प्राथमिक शाळेतून निवृत्त झाल्यात, वाचन स्वच्छ. पण मुद्रण म्हटलं की कूलर बंद. पंखाही बंद. नागपूर, मे महिना, खिडक्या लावलेल्या, भिंतीला गाद्या उभ्या केलेल्या, आणि त्या पुठ्ठ्याच्या फायलीने वारा घेत "शेतकऱ्याने बैलाला पाणी पाजले" वाचताहेत. फाइल हलली की तिचाही आवाज येतो, मग तीही बंद. दोन तासांत सत्तर वाक्यं होतात, त्यातली दहा शेजारच्या कुकरच्या शिट्टीने जातात. आता रात्री अकरानंतर बसतो.

आता तुमच्या भाषेत, बाबा. रविवारचे चार तास, वर्षात असे चाळीस रविवार. लग्नं, पोळा, कुणाचं आजारपण वजा जाता तेवढेच उरतात. म्हणजे माणशी १६० तास. त्यातलाही पहिला तास मागच्या रविवारी कुठे थांबलो होतो हे आठवण्यात जातो. एकाच माणसाने सहा महिने रोज बसायचं ठरवलं तर हजारावर तास होतात. माझ्या सहा वर्षांच्या रविवारांहून जास्त. शिवाय रोज बसणाऱ्याला आठवावं लागत नाही, ती बचत वेगळीच. मागच्या पावसाळ्यात साताऱ्याच्या एका मुलाने स्वतः होऊन दुरुस्ती पाठवली होती, उत्तम होती. आम्हाला ती तपासायला सात आठवडे लागले. तो पुन्हा फिरकला नाही. मी असते तर मीही फिरकले नसते.

म्हणून मी सहा महिन्यांची बिनपगारी रजा घेतली आणि आम्ही चार लाखांचं आवाहन काढलं. माझे महिना पंचेचाळीस हजार, सहा महिन्यांचे दोन लाख सत्तर हजार. सुनंदाताईंना तीस हजार. ऐकून चुका काढणारे चार अंध मित्र, त्यांना प्रत्येकी पंधरा. मायक्रोफोन पंधरा. कर, बँकेची कापाकापी, किरकोळ यांसाठी पंचवीस. पाच आठवड्यांत दोन लाख छत्तीस हजार चारशे जमलेत. परदेशातून दोघांनी विचारलं होतं, पण परदेशी देणगी घ्यायची तर संस्था लागते आणि तिची एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी लागते. आमची तर साधी संस्थाही नाही. नको म्हटलं.

तुमचं म्हणणं असं, की "मी वाचनालयासाठी अकरा वर्षं पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरलो, पण ते सार्वजनिक काम होतं, स्वतःच्या पगारासाठी नव्हतं." हे मला खरंच लागलं, कारण त्यात तथ्य आहे. रात्री बराच वेळ त्यावर विचार केला. पण त्याच वाचनालयात संध्याकाळी दिवा लावून बसणारे गजाननकाका होते ना? त्यांचे महिन्याचे तीनशे रुपये त्याच वर्गणीतून निघायचे. ते होते म्हणून वाचनालय रोज उघडायचं. त्यांच्या आधी तुम्ही मंडळी आलटूनपालटून बसायचात तेव्हा ते आठवड्यातून दोनदा उघडायचं, हे तुम्हीच मला सांगितलंय. काकांनी हात पसरला असं कुणी म्हणालं नाही. आमच्यात आत्ता गजाननकाका मी आहे, एवढंच. फरक एकच, आणि तो मोठा आहे: पावती फाडणारी आणि पगार घेणारी एकच बाई आहे. त्याबद्दल खाली लिहिते.

फुकट द्यायचं तर पैसे कशाला, असंही विचारलंत. बाबा, वाचकाला फुकट असतं, करणाऱ्याचं घरभाडं फुकट नसतं. मायकेल करनलाही पुढे फायरफॉक्स ब्राउझरवाल्या मोझिला फाउंडेशनसारख्यांचं अनुदान मिळालं म्हणून पूर्ण वेळ काम करता आलं. ब्लेंडर नावाचं चित्रपटातली चलतचित्रं करायचं सॉफ्टवेअर आहे, त्याची कंपनीच बुडाली होती. तेव्हा टॉन रोझेंडाल या डच माणसाने गुंतवणूकदारांशी सौदा केला, की एक लाख युरो देतो, सोर्स कोड, म्हणजे आतली लिखापढी, सगळ्यांना मोकळी करा. २००२ मध्ये त्याने लोकांकडे मागितले आणि सात आठवड्यांत जमले. उलट बाजूही आहे. इंटरनेटवरच्या असंख्य साइट्सचं कुलूप म्हणजे ओपनएसएसएल. २०१४ मध्ये त्यात हार्टब्लीड नावाचं भगदाड सापडलं, तेव्हा जगाला कळलं की त्या कुलपाला वर्षाकाठी देणग्या यायच्या दोनेक हजार डॉलर आणि पूर्ण वेळ माणूस होता एक. वापरत सगळेच होते.

आता जे तुम्हाला फोनवर सांगितलं नाही ते. पैसा आल्यावर आमच्यात बिनसलं. पाचांतला एक जण, नाव लिहीत नाही, म्हणाला, "मी दोन वर्षं फुकट केलं, मग आता हिलाच का?" आणि यायचा थांबला. मी चिडले. आधी चिडले, नंतर घरी येऊन रडले, आणि मग लक्षात आलं की तो चुकीचं बोलत नाहीये. उरलेल्या चौघांच्या रविवारांना किंमत नव्हती का? त्याचं उत्तर मला अजून पुरतं सापडलेलं नाही. तूर्त एवढं ठरवलंय, की कुठलं काम आधी करायचं हे मी ठरवणार नाही, ते चौघं ठरवतील आणि मी करीन. दर महिन्याला काय झालं, काय राहिलं, ते देणगीदारांना कळवायचं. सहा महिन्यांनी माझा पगार बंद, काम राहिलं तरी बंद. तो परत येतो म्हणाला नाही, पण परवा रात्री त्याने चार शब्दांचे उच्चार दुरुस्त करून पाठवले.

हे मी तुमच्या डोळ्यांसाठी करते आहे असं आई मावशीला सांगत होती म्हणे. आई, तसं नाही गं. प्रमोदमुळे सुरू झालं. बाबांना उद्या उपयोग झाला तर चांगलंच, पण थेंब वेळेवर घालणं चुकवू नका. आणि तू त्या दिवशी हळूच विचारलंस, "काहून गं, पैसे कमी पडून राह्यले का? माझ्याजवळचे घे." ते तुझ्याजवळच ठेव. लोणचं मात्र संपलंय.

बाबा, एक मागणं आहे, आणि हे खरोखर हात पसरून. मागणारी मी आणि घेणारीही मी, तर हिशेब तिसऱ्या कुणीतरी बघायला हवा. तुमची पस्तीस वर्षं पाटबंधारे खात्याच्या लेखा शाखेत गेली. मंडळाच्या जमाखर्चात सव्वा रुपयाचा फरक पडला म्हणून तुम्ही रात्री दोनपर्यंत बसला होतात ते मला आठवतंय. सोबत वही पाठवते आहे, मोठ्या अक्षरात छापून घेतलीय, व्हाउचर मागे टाचले आहेत. कडक तपासा. जिथे पटणार नाही तिथे लाल खूण करा. तुमचं नाव खाली टाकायचं की नाही ते तपासून झाल्यावर ठरवा. पुढच्या शनिवारी एसटीने येते, तेव्हा वही घेऊन जाईन.

तुम्ही विचारालच म्हणून आधीच सांगते: व्हाउचर क्रमांक १४ ला बिल नाही. १२० रुपये. रात्री दीडला सुनंदाताईंना घरी सोडणाऱ्या ऑटोवाल्याकडे पावतीपुस्तक नव्हतं.

तुमची,
मनू