कात्री समोर होती, नाव येईना

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

आई, हे पत्र बाबांना वाचून दाखव, पण सावकाश. एक वाक्य झालं की थांब, त्यांच्या चेहऱ्याकडे बघ, मग पुढे जा. आणि आवाज चढवू नकोस. त्यांना ऐकू नीट येतं.

मेंदूवर चुंबक वापरून भाषेचा अभ्यास करतात तिथे मी स्वतःचं नाव दिलंय, हे फोनवर बोलले होते. काल ते पार पडलं. गेले होते स्ट्रोकनंतर बाबांचे शब्द अडतात त्यावरच्या उपचाराची चौकशी करायला. तिथे निरोगी माणसंही लागतात असं कळलं, म्हणून म्हटलं, बाबांना सांगायच्या आधी माझ्याच डोक्यावर होऊन जाऊ दे.

आधी एमआरआय काढला. मग खुर्चीत बसवून कपाळाला एक पट्टा बांधला, त्यावर चकाकणाऱ्या बारीक गोळ्या. तशाच गोळ्या तिथल्या माणसाच्या हातातल्या कॉइलवर, म्हणजे चुंबकाचे ठोके देणाऱ्या वेटोळ्यावर. कॅमेऱ्याला त्या दिसत राहतात, त्यामुळे कॉइल मेंदूच्या नेमक्या कुठल्या वळीवर आहे हे पडद्यावर माझ्याच एमआरआयवर कळतं. बाबांच्या बाबतीत हे फार गरजेचं आहे. डोकी सारखी नसतात, त्यात स्ट्रोकने डावीकडचा भाग बदललेला. नुसत्या टेपने मोजून अंदाजाने जागा धरायची म्हटलं तर माझा जीव धजावला नसता.

कॉइल म्हणजे इंग्रजी आठच्या आकड्यासारखं तारेचं वेटोळं. त्यातून सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ जोरदार वीज जाते, चुंबकीय क्षेत्र उठतं, कवटीतून आत शिरतं आणि दोनेक सेंटिमीटर खोलीवरच्या पेशींत बारीकसा प्रवाह निर्माण करतं. बाबा, मी शाळेत असताना तुम्ही तारेच्या वेटोळ्यात चुंबक आत-बाहेर करून काटा हलताना दाखवला होतात ना, फॅरेडेचा १८३१ चा शोध म्हणून? तेच हे, फक्त वीज आणि चुंबक यांचा क्रम उलटा धरून सुरुवात. माणसाच्या मेंदूवर ते पहिल्यांदा करून दाखवलं इंग्लंडमधल्या शेफील्डच्या अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, १९८५ मध्ये.

आधी मेंदूतल्या हात हलवणाऱ्या जागेवर टक् केलं आणि माझा अंगठा आपोआप उडाला. किती जोर पुरतो ते त्यावरून ठरवतात. मग चित्रं. प्रत्येकाला 'हे आहे...' म्हणून नाव सांगायचं. छत्री, घोडा, कुलूप, धडाधड सांगत होते. कॉइल डाव्या कानशिलाच्या जरा वर सरकली. टकटकटक, आणि पडद्यावर कात्री. ती काय आहे हे मला पक्कं माहीत होतं. मांडीवर माझी दोन बोटं कापल्यासारखी हललीसुद्धा. 'हे आहे' इथपर्यंत तोंड नीट चाललं, आणि पुढे काहीच नाही. जिथे शब्द असायचा तिथे रिकामं. टकटक थांबली आणि 'कात्री!' मी जवळजवळ ओरडलेच. पुढे एकदा कुलपाला किल्ली म्हणाले.

घरी येताना रडू आलं. बाबा, चष्मा हवा असला की तुम्ही डोळ्यांभोवती बोटं फिरवता आणि 'ते... ते...' म्हणता. आम्ही भराभर दहा शब्द पुढे करतो, आणि नाही जमलं की 'असू दे' म्हणतो. मीही म्हटलंय. मला माफ करा. तुम्ही किती जवळ उभे असता ते मला कळलंच नव्हतं.

पॅरिसमध्ये १८६१ साली पॉल ब्रोका या डॉक्टरांकडे एक रुग्ण आला होता. तो फक्त 'तान' म्हणायचा, पण बोललेलं बरंचसं त्याला समजायचं. मेंदूत कुठे बिघाड आहे हे बघायला त्याच्या मृत्यूपर्यंत थांबावं लागलं. आज जित्याजागत्या माणसाची तीच जागा क्षणभर अडवून विचारता येतं, इथे काय चालतं? मेंदूतली गाठ काढण्याआधी काही सर्जन याच रीतीने भाषेचा नकाशा काढून घेतात.

उपचारात मात्र शब्द अडवायचे नसतात. एक विचार असा की डावी बाजू दुखावली की उजवी वाजवीपेक्षा जास्त जागी होते आणि डावीला दाबते. म्हणून उजवीकडच्या जुळ्या जागेवर सेकंदाला एक अशा संथ ठोक्यांनी तिला शांत करायचं. बोस्टनच्या मार्गारेट नेझर यांच्या गटाने २००५ मध्ये असे चार रुग्ण मांडले, रोज वीस मिनिटं, दहा दिवस. चित्रांची नावं सांगणं सुधारलं, स्ट्रोकला वर्षं उलटून गेलेली असूनही. पण चारच जण, आणि तुलनेला खोटी कॉइल, म्हणजे खरे ठोके न देणारी, नव्हती. नंतरच्या अभ्यासांत ती वापरली गेली. काहींना फायदा दिसला, काहींना नाही. कुणाकुणाची उजवी बाजूच मदतीला आलेली असते, तिला गप्प करणं उलट चुकीचं. म्हणून बाबांच्या मेंदूचं चित्र आधी बघायलाच हवं. आणि स्पीच थेरपी थांबवायची नाही. सत्र झालं की लगेच तिचा सराव, असंच करतात.

आई, तुझी भीती मला माहीत आहे. आवाज टकटक येतो, कानात बोळे देतात, कधी डोकं दुखतं. फिट येण्याचा धोका कमी असतो, पण असतो, म्हणून आधी कधी फिट आली होती का हे विचारतील. डोक्यात धातूची क्लिप किंवा छातीत पेसमेकर आहे का, तेही. स्ट्रोकच्या वेळची एमआरआयची फाइल आणि सगळ्या गोळ्यांची नावं काढून ठेव.

बाबा, आता तुमचं सांगा. हो असेल तर अंगठा वर, नको असेल तर खाली, विचार करायचा असेल तर हात आडवा. आई, त्यांच्याऐवजी तू उत्तर देऊ नकोस. रविवारी फोन करते, कॅमेरा लावून. कितीही वेळ लागू दे, मी फोन ठेवणार नाही.

तुमची,
लेक