आईच्या पाठीची जखम सांभाळणाऱ्या सिस्टरांना

सिस्टर,

डिस्चार्जच्या दिवशी तुमची सुट्टी होती. वॉर्डातल्या मावशींजवळ निरोप ठेवला, पण मनातलं सगळं निरोपात मावलं नाही. म्हणून हे पत्र, आणि ते उघडच लिहिते आहे. ज्यांच्या घरी आज कुणाला 'व्हॅक', म्हणजे जखमेतलं पाणी ओढून घेणारं मशीन, लावलंय, त्यांनाही ते वाचता यावं.

आईच्या कमरेच्या मणक्यात चार स्क्रू आणि दोन रॉड बसवले होते. अकराव्या दिवशी टाक्यांवरची पट्टी ओली दिसली. घामाने असेल म्हणून मी दोन दिवस घालवले, त्याची बोच अजून जात नाही. मग ताप चढला. त्यात तिला साखरेचा आजार. पुन्हा ऑपरेशन झालं, पू धुऊन काढला, मेलेला भाग कापला. स्क्रू मात्र डॉक्टरांनी जागेवरच ठेवले. हाड अजून जुळलं नव्हतं, ते काढले असते तर मणका डळमळला असता. उघड्या जखमेत काळा स्पंज बसवला, त्यावर पारदर्शक चिकट फिल्म, त्यातून निघणारी नळी आणि पलंगाला अडकवलेलं मशीन. मशीनवर ओढ किती ते सांगणारा आकडा, १२५.

"हे माझं रक्त ओढून घेतंय का गं?" आईने तुम्हाला विचारलं. तुम्ही स्टूल ओढून तिच्याजवळ बसलात. स्पंजाला बारीक भोकं असतात, त्यामुळे ओढ सगळ्या जखमेत सारखी पसरते, साचलेलं पाणी निघतं, सूज उतरते आणि खालून लाल मांस भरू लागतं, हे तुम्ही तिच्या भाषेत सांगितलंत. जंतू मारायचं काम मात्र इंजेक्शनचं, एकट्या मशीनच्या भरवशावर राहायचं नाही, हेही सांगितलंत. त्या दिवसापासून आई मशीनच्या आवाजाला घाबरली नाही.

ड्रेसिंग दर तिसऱ्या दिवशी. तुम्ही वेदनेचं औषध अर्धा तास आधी द्यायचात. नळीतून सलाइन सोडून स्पंज भिजू द्यायचात, मगच अलगद काढायचात. तरीही आई माझा हात घट्ट धरायची. आत स्पंजाचे किती तुकडे बसले ते मार्करने फिल्मवर लिहायचात, आणि पुढच्या वेळी तितकेच निघाले की नाही ते मोजायचात. एकही आत राहता कामा नये. तो हिशेब तुम्ही एकदाही चुकवला नाहीत.

मशीनच्या डब्यात काय जमतंय ते प्रत्येक पाळीत बघायचात. एकदम लाल रक्त भरलं तर मशीन बंद करून ताबडतोब हाक मारायची. स्वच्छ पाण्यासारखं काही आलं तरी लगेच सांगायचं, कारण मज्जारज्जूभोवतीच्या पडद्याला छिद्र पडलं असेल तर तसं पाणी येतं. तेव्हापासून मीही रात्री उठून टॉर्च मारून तो डबा बघायचे. नळी पाठीखाली येऊ द्यायची नाही, कूस बदलताना खांदा आणि कंबर एकाच वेळी वळवायची, हे तुम्ही माझ्याकडून करून घेतलंत.

एका रात्री दोन वाजता अलार्म वाजला. कुठून तरी हवा शिरत होती. तुम्ही टॉर्च धरून फिल्मची कड बोटाने चाचपत गेलात आणि माकडहाडाजवळच्या घडीत ती जागा सापडली. घाम पुसून, कातडी कोरडी करून तुम्ही नवी पट्टी लावलीत. स्पंज पुन्हा आकसून मनुकेसारखा सुरकुतला तेव्हाच उठलात. शेजारच्या पलंगावरच्या आजींची झोपही मोडली नाही.

पाचव्या ड्रेसिंगला जखमेचा तळ लालबुंद होता. डॉक्टरांनी टाके घालायचं ठरवलं. इंजेक्शनं पुढेही सहा आठवडे चालली.

आई आता पट्टा लावून अंगणापर्यंत चालते. पुढच्या महिन्यात तपासणीला येतोय. तुमची रात्रपाळी असली तर मावशींकडे सांगून ठेवा, आई म्हणते, संध्याकाळपर्यंत थांबू, पण त्यांना भेटूनच जाऊ.

तुमच्या पेशंटची लेक